गणपती रंगमहालाची साक्ष

नागपूरकर भोसल्यांचा नागपुरातला वाडा १८६४ साली जळाला, नगारखाना तेवढा वाचला. पुण्यात हे आधीच घडून गेलं होतं. फेब्रुवारी १८२८च्या आगीत पेशव्यांचा शनिवारवाडा आतून खाक झाला. तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्यांचे हौद आजही दिसतात. वाड्यातला दरबाराचा गणपती रंगमहाल मात्र चित्रातच पाहायचा. म्हणून त्या चित्राची साक्ष नीट तपासून घ्यायला हवी.

चित्र टॉमस डॅनिएलचं, १८०५ सालचं, लंडनच्या टेट संग्रहातलं. विषय १७९०चा दरबार: टिपूविरुद्धच्या तहासाठी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवराव पेशव्यांपुढे आला आहे. दाटीवाटीने बसलेले मानकरी, नक्षीचे खांब, महिरपी, मागे गणपती. पाहताना वाटतं, चित्रकार तिथेच कुठेतरी उभा असणार.

तारखा लावल्या की हा समज टिकत नाही. मॅलेटने हे काम सोपवलं होतं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराला, आणि तो मुंबईत आला तोच १७९१ मध्ये. पुण्यात त्याहून उशिरा. म्हणजे दरबार त्यानेही पाहिला नव्हता. त्याने पाहिला तो महाल, आणि पाहिली ती माणसं. पेशवे, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रं त्याने पुण्यातच केली. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, नोव्हेंबरात वेल्स. मागे राहिलेल्या रेखाटनांवरून डॅनिएलने विलायतेत चित्र पुरं केलं. तोवर मॅलेट वेल्सचा जावई झाला होता.

तेव्हा बैठकीत कोण कुठे होतं, मॅलेटला कसा मान मिळाला, याबद्दल या चित्राचा शब्द मी अखेरचा मानत नाही. ते मॅलेटच्या कर्तबगारीचं चित्र आहे, त्याच्याच इच्छेने निघालेलं. महालाबद्दल मात्र ते मोलाचं आहे. खांबांची घडण आणि गणपतीची जागा मिरवून मॅलेटला काही मिळायचं नव्हतं. तरीही मध्ये डॅनिएलचा हात आहेच. म्हणून येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात असलेल्या वेल्सच्या मूळ कागदांशी ते ताडून पाहणं आवश्यक.

त्याच केंद्रात गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट यांची रेखाटनं आहेत, आणि माझा जीव त्यांत अधिक गुंततो. मॅलेटच्या आग्रहावरून पेशव्यांनी वाड्यात चित्रशाळा काढली. गंगाराम तिथे शिकले, मॅलेट आणि वेल्ससाठी वेरूळ-कार्ल्याची लेणी काढू लागले. त्यांनी १७९५ साली काढलेली पर्वती आहे. त्याआधीचा, १७९०चा, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही आहे. दरबाराचं साल तेच. इथे तहाचा थाट नाही, कुणाची बढाई नाही. कातडीच्या जाड घड्या, आखूड पाय, खाली झुकलेलं डोकं. मॅलेटचा दरबार वेल्स आणि डॅनिएल या दोघांनी न पाहता रंगवला. हा गेंडा त्याच वर्षी, पुण्यातच, एका पुणेकराने कागदावर उतरवला.