दुसऱ्या फळीतला पहिला

बेळगावच्या खासबागेत माझे आजोळ. गोव्यात कुणाला 'खासबाग' म्हटले की त्याला लगेच कोल्हापूरचे कुस्तीचे मैदान आठवते. हे ते नव्हे. ही शहापूर-वडगावच्या अंगाला असलेली विणकरांची वस्ती. लहानपणी मे महिन्यात चोर्ला घाट चढून आम्ही इथे यायचो तेव्हा पहिले दोन दिवस मागांच्या खडखडाटाने झोप लागत नसे, आणि परत पणजीला गेल्यावर त्या आवाजावाचून लागत नसे.

परवा घरच्या एका लग्नासाठी गेलो होतो. मामेभावाचा मुलगा लंडनहून आला होता. तो तिथे वेस्ट ईलिंग भागात राहतो. जेवणे झाल्यावर ओट्यावर बसलो असता त्याने विचारले, "काका, तुमच्या डेंपोचं शेवटी झालं काय?"

मी म्हटले, "अरे, एवढ्या लांब राहून तुला डेंपो कुठून आठवला?"

तर म्हणाला, त्याच्या घराजवळ एक रग्बीचा क्लब आहे, तोही डेंपोसारखाच 'अडकलेला' आहे. मग तासभर तो रग्बी सांगत होता आणि मी फुटबॉल. हा लेख म्हणजे त्या गप्पांचेच जरा नीटनेटके रूप समजा.

रग्बी आपल्याला अगदीच परकी आहे असे मानायचे कारण नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी भिडतात त्याचे नावच 'कलकत्ता कप'. १८७३ साली तिथल्या गोऱ्यांनी काढलेला रग्बी क्लब पाच वर्षांत मोडला, तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांनी हा चषक घडवला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. क्लब संपला आणि चषक उरला, ही गोष्ट मला पुढे पुन्हा आठवणार होती.

इंग्लंडमध्ये या खेळाची वरची साखळी म्हणजे प्रीमियरशिप आणि तिच्या खालची चॅम्पियनशिप. खालच्या साखळीत पहिला आला की क्लब वर जाणार, असा रिवाज होता. आम्हा कारकुनांच्या भाषेत बढती. एलडीसीचा यूडीसी होण्यासारखेच. फरक एवढाच की आमच्याकडे ज्येष्ठता बघतात, तिथे गुण. जिंकल्यास चार, बरोबरीला दोन, चार वा अधिक 'ट्राय' केल्यास एक गुण जास्तीचा, आणि सात किंवा कमी गुणांनी हरल्यास हरणाऱ्यालाही एक. थोडक्यात हरणाऱ्यालाही एक गुण देणारा हा खेळ. ही गोष्ट मला फार आवडली.

तर पश्चिम लंडनचा हा ईलिंग ट्रेलफाइंडर्स. क्लब १८७१ चा, म्हणजे आपल्याकडे पोर्तुगीज अमदानी होती तेव्हाचा. 'ट्रेलफाइंडर्स' हे नाव आधुनिक, एका प्रवासी कंपनीचे. तिचा संस्थापक माइक गूली हा क्लबचा आश्रयदाता. म्हणजे धनी एक, कंपनी एक, तिच्याच नावाने संघ. डेंपो, साळगावकर बघत वाढलेल्या गोंयकाराला यात काय नवीन?

२०२०-२१ च्या हंगामात या चॅम्पियनशिपमध्ये सारासेन्स नावाचा बलाढ्य संघ येऊन पडला होता. खेळाडूंच्या पगाराची ठरलेली मर्यादा ओलांडली म्हणून त्याला शिक्षा म्हणून खाली ढकलले होते. त्या जानेवारीत एका सराव स्पर्धेत ईलिंगने त्यांना २७-२६ असे हरवले. पण जूनमध्ये वर जाण्यासाठीचे दोन सामने झाले तेव्हा सारासेन्सने त्यांना ६०-० आणि ५७-१५ असे झोडपले. एकूण ११७-१५! दुसरा एखादा संघ दोन वर्षे तोंड वर काढता ना.

ईलिंगने पुढचाच हंगाम, २०२१-२२ चा, जिंकला. अकरा संघ, प्रत्येकाचे वीस सामने, ईलिंग पहिला, डॉनकास्टर दुसरा. शिवाय त्या वर्षी वरून कुणी खाली यायचेच नव्हते. प्रीमियरशिपमध्ये तेरा संघ होते आणि चौदावा घ्यायची तयारी होती. म्हणजे पद मंजूर, जागा रिकामी, उमेदवार पहिला. आणि हंगाम संपायच्या आधीच इंग्लंडच्या रग्बी संघटनेने कळवले की ईलिंग आणि डॉनकास्टर दोघेही निकषांत बसत नाहीत. वरच्या साखळीत खेळायचे तर मैदानात १०,००१ प्रेक्षकांची सोय हवी होती. ईलिंगचे मैदान त्याच्या निम्म्याच्या आसपास. क्लबने दाद मागितली, पण वर जाता आले नाही.

दहा हजार नव्हे, दहा हजार एक! तो शेवटचा एक वाचून मला हसू आले. फाइलवर शेरा मारणारा कुणी तरी जातभाई तिथेही बसला असणार.

आता माझे मत सांगतो. असा नियम असणे चूक नाही. उद्या गर्दी झाली आणि कठडा कोसळला तर जबाबदार कोण, हा प्रश्न कार्यालयात बसणाऱ्याला विचारावाच लागतो. पण नियम सुरक्षिततेसाठी आहे की आत बसलेल्यांच्या सोयीसाठी, हे पुढे काय घडते त्यावरून कळते. पुढे घडले ते असे. २०२२ च्या शरद ऋतूत प्रीमियरशिपमधला वूस्टर आर्थिक गाळात गेला. त्याच्या पाठोपाठ वास्प्स, ज्याच्याकडे कॉव्हेंट्रीत तीस हजारांवर प्रेक्षक मावतील असे मैदान होते! जून २०२३ मध्ये लंडन आयरिश. तेराचे दहा उरले. निकषांत बसणारे तिघे बुडाले आणि न बसणारा ईलिंग खाली सुखरूप खेळत राहिला. २०२३-२४ ला तो पुन्हा पहिला आला आणि पुन्हा तिथेच राहिला. मधल्या वर्षी, २०२२-२३ ला, जर्सी बेटावरचा जर्सी रेड्स पहिला आला होता. तो त्याच वर्षी पुढचा हंगाम सुरू झाल्या झाल्या दिवाळखोरीत निघाला. वरच्या साखळीचे दार बंद असले की खालची साखळी कशाच्या जोरावर जगणार?

इथवर ऐकून मामा आतून म्हणाले, "आमचा निकाल तर १९५६ पासून लागायचाय, त्याचं काय?" खासबागेत कुठलीही चर्चा शेवटी सीमाप्रश्नावर येतेच. असो.

आता आपला डेंपो. मुलाला सांगताना माझ्या लक्षात आले की ही गोष्ट गोव्यातल्याही नव्या पोरांना नव्याने सांगावी लागेल. राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि तिचीच पुढची आवृत्ती आय-लीग मिळून गोव्याच्या क्लबांनी नऊ वेळा देश जिंकला. साळगावकरने दोनदा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा, आणि एकट्या डेंपोने पाच वेळा : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. पाचही वेळा प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा ही नावे आमच्या कार्यालयात चहाच्या वेळी घरच्या माणसांसारखी घेतली जायची. रँटी मार्टिन्सने २०११-१२ च्या एका हंगामात ३२ गोल केले. २००८ ला हा संघ आशियाच्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीत गेला. त्या वर्षांत खालच्या साखळीशी डेंपोचा संबंधच नव्हता.

२०१४-१५ ला आला. त्या हंगामात अकरा संघांत तळाला पुण्याचा भारत एफसी होता. पण तो पैसे भरून थेट प्रवेश मिळालेला नवा संघ, त्याला खाली न जाण्याची सूट. त्यामुळे त्याच्या वर असलेला डेंपो खाली गेला. पाच वेळचा विजेता! आणि सूट मिळालेला भारत एफसी? तो पुढच्या हंगामाआधी बंदच पडला.

२०१५-१६ चा हंगाम डेंपो दुसऱ्या फळीत खेळला. मिनर्वा, नेरोका, लोनस्टार काश्मीर असले संघ आणि बरेचसे रिकामे स्टँड. गोव्याचे डोळे तेव्हा दुसरीकडे होते. इंडियन सुपर लीग सुरू होऊन एक वर्ष झाले होते, एफसी गोवाचा प्रशिक्षक साक्षात झिको होता, आणि २० डिसेंबर २०१५ ला फातोर्ड्यावर अंतिम सामना आपण चेन्नईयनकडून ३-२ असा शेवटच्या क्षणांत घालवला. त्या रात्री सगळे गोवे जागे होते. त्यानंतर काही महिन्यांनी डेंपो दुसऱ्या फळीत पहिला आला, मिनर्वा दुसरा. एका वर्षात डेंपोने वर जायचा हक्क मिळवला. ही बातमी आमच्या कार्यालयात कुणी मोठ्याने वाचल्याचे मला आठवत नाही.

आणि मग उलटेच झाले. ईलिंगला दार बंद होते, डेंपोला उघडे होते. पण २०१६ च्या मध्याला भारतीय फुटबॉल महासंघाने नवा आराखडा पुढे केला. सुपर लीग ही देशाची मुख्य साखळी होणार आणि आय-लीग तिच्या खालची. म्हणजे जिना चढून ज्या माडीवर जायचे तीच माडी आता तळमजला ठरणार! साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा दोघांनी आय-लीग सोडली. त्याच वर्षी डेंपोनेही, हक्काची बढती हातात असताना, नाव मागे घेतले.

तेव्हा मी डेंपोच्या बाजूचा होतो. स्वाभिमान म्हणतात तो हाच, असे चारचौघांत बोललोही होतो. आता तितके खात्रीने बोलवत नाही. कारण तो दुसरा आलेला पंजाबचा मिनर्वा. त्याला २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये प्रवेश मिळाला, आणि त्या संघाने 'तळमजला आहे' म्हणून नाक मुरडले नाही. २०१७-१८ ला तो आय-लीगचा विजेता झाला. पुढे मालक बदलला, नाव बदलले, आणि २०२२-२३ ला पुन्हा आय-लीग जिंकून तो सुपर लीगमध्ये बढती मिळवणारा पहिला संघ ठरला. डेंपोच्या मागे दुसरा आलेला!

डेंपो तोवर गोव्याच्या लीगमध्ये आणि पोरांना शिकवण्यात राहिला. ते कामही लहान नव्हे. मग २०२३-२४ ला आय-लीग २ मध्ये उतरून उपविजेता झाला आणि २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतला. तोवर आय-लीग २ ही तिसरी फळी आणि आय-लीग ही दुसरी झाली होती. म्हणजे २०१६ ला जी बढती सोडली ती आठ वर्षांनी, एक पायरी आणखी खालून चढून, घेतली. पदनाम तेच, वेतनश्रेणी मात्र उतरलेली.

दोष कुणाचा, असे पोराने विचारले. महासंघाचा तर आहेच. मैदानावर चाललेल्या हंगामाच्या मध्यावर नसला, तरी विजेत्याच्या हातातला चषक गार व्हायच्या आत त्यांनी मजल्यांची नावे बदलली. पण क्लब हा सरकारी नोकरासारखा राजीनामा देऊन घरी बसू शकतो का, हेही मी त्याला विचारले. ईलिंगवाले अन्याय झाला म्हणून चॅम्पियनशिप सोडून गेले नाहीत. वर जायला मिळत नाही हे माहीत असून पहिले येत राहिले. यातले शहाणपण कोणते आणि हट्ट कोणता, हे ओट्यावर काही ठरले नाही.

दुसऱ्या दिवशी तो मला बसस्टँडवर सोडायला आला. कदंबाची गाडी लागली होती. पिशवीत मामीने दिलेला कुंदा होता. खिडकीपाशी येऊन त्याने विचारले, "काका, त्या वर्षी डेंपोच्या किती मॅचेस बघितल्या तुम्ही?"

"एकही नाही," मी म्हटले. "सुपर लीगच्या फायनलचं तिकीट मात्र काढलं होतं."