इंजिनाचे कार्यतापमान : जेद्दातील शर्यती व स्पोर्ट्स मोटारी

इंजिनाचे कार्यतापमान : ज्या तापमानाला इंजिनाचे धातूचे भाग योग्य तेवढे फुगून एकमेकांत नीट बसतात, तेल पुरेसे पातळ होते आणि इंधन स्वच्छ जळते, ते तापमान. बहुतेक स्पोर्ट्स मोटारींत कूलंटपुरते ते साधारण 90 ते 105° से. असते. तेल मात्र त्याहून सावकाश तापते. पाण्याचा काटा मध्यावर आला की इंजिन तयार झाले, ही समजूत चुकीची आहे. तेल 80° से. ओलांडेपर्यंत इंजिनाला जोर देऊ नये.

या तापमानाचा राखणदार म्हणजे थर्मोस्टॅट. त्यात मेण भरलेली बंद कुपी असते. ठरलेल्या तापमानाला मेण वितळते, फुगते, दांडा ढकलते. झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे वाहू लागते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची आपल्याकडची गॅरेजमधली जुनी रीत घातक आहे. त्यामुळे इंजिन उशिरा तापते आणि अकारण झिजते.

जेद्दात या विषयाची कसोटी लागते. तांबड्या समुद्राकाठच्या या शहरात 22 जून 2010 रोजी 52° से. तापमान नोंदले गेले. येथील कॉर्निश सर्किट 6.174 किमी. लांबीचे आणि 27 वळणांचे आहे. 5 डिसेंबर 2021 रोजी येथे पहिली फॉर्म्युला वन शर्यत रात्री, दिव्यांच्या उजेडात झाली. ती लुईस हॅमिल्टनने जिंकली.

फॉर्म्युला वन गाड्यांना रेडिएटरचा पंखाच नसतो; वेगाने आत शिरणारी हवा हाच त्यांचा पंखा. पाणी दाबाखाली ठेवल्याने ते सुमारे 120° से.लाही उकळत नाही. पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातला फरक मोठा असला की लहान रेडिएटरही पुरतो. जेद्दाच्या लांब, वेगवान पट्ट्यांवर हवा भरपूर मिळते. पण उष्णता बाहेर सोडायला कवचाच्या फटी वाढवल्या तर हवेचा अडथळा वाढून वेग घटतो. म्हणून संघ त्या शक्य तितक्या बंद ठेवू पाहतात. पुढच्या गाडीला चिकटून धावणाऱ्याला तापलेली, विस्कटलेली हवा मिळते, तेव्हा ही काटकसर अंगाशी येते.

खरा धोका थांबण्यात आहे. 2021च्या त्या शर्यतीत लाल निशाण दोनदा दाखवले गेले आणि गाड्या तीनदा उभ्या जागेवरून सुटल्या. गाडी उभी राहिली की मेकॅनिक बाजूच्या तोंडांना पंखे लावतात. कधी पंख्यांच्या डब्यात कोरडा बर्फ भरलेला असतो आणि पांढरी वाफ गाडीच्या अंगावरून ओघळते. उलट, गार इंजिन सुरूच करता येत नाही इतके त्याचे भाग घट्ट बसलेले असतात. आधी त्यात गरम पाणी व तेल फिरवावे लागते.

रस्त्यावरच्या टर्बो गाडीलाही थांबण्याचा हाच नियम लागू आहे. जोरात चालवून आल्यावर लगेच इंजिन बंद केले तर टर्बोतले तेल जागीच करपू शकते. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवले की ते टळते. समुद्राकाठी आणखी एक पथ्य असते. खाऱ्या हवेने रेडिएटरच्या बारीक पत्र्या गंजून झडतात, तेव्हा त्या वेळोवेळी गोड्या पाण्याने, हलक्या धारेने धुवाव्यात. कोकणातल्या गाडीवाल्यांनीही हे करावे.