जुन्या मासेमारी-रिळांची दुरुस्ती

जुन्या मासेमारी-रिळांची दुरुस्ती हा निकामी रिळांतून काढलेले सुटे भाग वापरून बंद पडलेली रिळे पुन्हा चालती करण्याचा छंद आहे. या छंदात 'मिचेल ३००' या फ्रेंच रिळाला विशेष स्थान आहे. घड्याळांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या, आल्प्स पर्वतराजीतील क्लूझ या गावी कार्पानो ए पोन्स या कंपनीने ते तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर काही दशके त्याचे प्रचंड उत्पादन झाले. म्हणूनच मोडीत निघालेली रिळे आजही मिळतात आणि छंद परवडतो.

या प्रकारच्या रिळात दोरी गुंडाळली जात असताना स्पूल स्वतः गरगर फिरत नाही. त्याभोवती फिरणारी तारेची कमान दोरी गुंडाळते. ही कमान मिटवणारी लहानशी स्प्रिंग म्हणजे मिचेलचा दुबळा भाग. ती तुटली की उरलेले यंत्र धडधाकट असूनही रीळ अडून बसते. बदली भाग घेताना केवळ नाव पाहून चालत नाही. उत्पादनकाळात अंतर्रचना बदलत गेली. शिवाय 'मिचेल ३०१' हे डावखुऱ्यांसाठीचे, जणू आरशातले रीळ असल्याने दोहोंचे सर्व भाग परस्परांना बसत नाहीत.

निकामी वाटणाऱ्या कित्येक रिळांत मोडतोड नसतेच, जुने ग्रीस तेवढे घट्ट झालेले असते. रॉकेलने धुऊन नवे वंगण दिल्यावर ती फिरू लागतात. असे रीळ सुट्या भागांसाठी घाईने उघडणे हा या छंदातील खरा अपव्यय होय. खाऱ्या पाण्याने आवरण खाल्ले असेल तर मात्र इलाज नसतो. अशा रिळातील शाबूत दंतचक्रे, हँडल आणि स्क्रू काढून ठेवले जातात.