ज्वारीची पंगत

कुरुंदा हें गांव हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत आहे. या मराठवाडी मुलखांत पौष-माघांत शेतकरी शेकोटीवर कोवळी कणसें भाजून आप्तेष्टांस हुरडा खावयास बोलावी; आणि खळ्यावर रास पडली म्हणजे तींतून बलुतेदारांचा वांटा निघे. त्या वांट्यांत उच्चनीच भाव होता, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि पीक एकट्याचें नव्हे, ही जाण त्यांत होती.

1972 सालच्या दुष्काळांत रासच पडली नाहीं. परदेशांतून आलेली मिलो नांवाची तांबडी ज्वारी व दुष्काळी कामांवरील सुकडी, यांवर गोरगरिबांनीं दिवस काढले. त्याच अनुभवांतून रोजगार हमी दृढ झाली व 1977 सालीं तिचा कायदा झाला.

पुढें 26 जानेवारी 2020 रोजीं 10 रुपयांची शिवभोजन थाळी निघाली. भुकेल्यांची सोय झाली. परंतु पोळ्या, भाजी, वरण, भात या ठरलेल्या पदार्थांत ज्वारीच्या भाकरीस स्थान नव्हतें. जें ताटांत येत नाहीं, तें कालांतरानें शेतांतहि उरत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच, कीं उत्सवाच्या पंगतींत भाकरी असावी, तिची ज्वारी जवळच्या शेतकऱ्याकडून रास्त भावानें घ्यावी आणि पहिलें पान भुकेल्याचें मांडावें.