उकडा तांदूळ, पेज आणि आदल्या दिवसाची सागोती

भात झोडून झाले, की सिंधुदुर्गात घरोघरी पहाटेपासून चूल धडधडत असे. भिजवलेले भात मोठ्या तपेल्यात उकडायला लावायचे, दाण्याचे तोंड फुटू लागले की पाणी निथळायचे आणि सारवलेल्या खळ्यात पसरून पायांनी परतत उन्हात वाळवायचे. मग व्हायनात, म्हणजे उखळात, घालून मुसळाने कांडप. टरफल निघे, पण दाण्यावरची तांबूस साल बरीचशी तशीच राही. सुपातून पाखडलेला कोंडा नि कणी अंगणातल्या कोंबड्या टिपत.

मालवण किनाऱ्याची पेज या तांदळावर उभी आहे. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, मीठ आणि मंद जाळ. उकड्याचे शीत मऊ होते, तरी त्याचा लगदा होत नाही. पहाटे जोत धरलेला माणूस दहा-अकराला बांधावर येई आणि फणसाचे पान दुमडून, माडाच्या हिराने टोचून केलेल्या चमच्याने गरम पेज ओरपी. तोंडी लावायला भाजलेला सुका बांगडा, खारातली मिरची, नाहीतर रात्रीचे कालवण. तापातून उठलेल्याला आणि पोट बिघडलेल्याला आधी पेजेची निवळ, ती पचली की पेज. वैद्य लांब असलेल्या वाड्यांत पहिला उपचार हाच.

कोंबडी मात्र रोजची नव्हे. ती अंड्यांसाठी आणि अडीनडीला विकण्यासाठी. कापली जाई ती पाहुणा आला म्हणून, शिमग्याला, किंवा जागेच्या राखणदाराला राखण द्यायची म्हणून. गाऱ्हाणे घालून कोंबडा दिला, की तो शिजवून सगळ्यांनी मिळून जेवायचे. एका गावठी कोंबड्यात दहा-बारा तोंडे भागवायची, तर फोडी कमी आणि रस्सा जास्त हे ओघानेच आले. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटप त्यासाठीच सढळ हाताने पडे. जेवणात सोबतचे वडे संपत, पण टोपाच्या तळाशी हाडे आणि आळलेला रस्सा उरे. दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा खळखळून कढवायचा आणि डावभर पेजेत कालवायचा. चुलीवर दुसऱ्यांदा कढलेल्या या सागोतीची, म्हणजे कोंबडीच्या रश्श्याची, चव आदल्या दिवशीपेक्षा सरस, असे सांगणारे मालवणी लोक आजही भेटतील, आणि ते खरे आहे.

तांदळाच्या सालीचे मोल विज्ञानाला कळले तेही कोंबड्या आणि उरलेल्या भातामुळेच. जावा बेटावर बटाव्हियाच्या लष्करी रुग्णालयात ख्रिस्तियान आइकमन हे डच डॉक्टर बेरीबेरी या हातपाय लुळे करणाऱ्या रोगाचा जंतू शोधत होते. 1889च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. चौकशीत कळले, की त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. नवा स्वयंपाकी आला, त्याने हा भात द्यायचे नाकारले, सालीसकटचा साधा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. दाण्याच्या सालीतच काहीतरी जीवनदायी आहे, हे इथून उलगडत गेले. ते म्हणजे ब-1 जीवनसत्त्व. आइकमनना 1929 साली नोबेल मिळाले.

उकड्या तांदळाची थेट परीक्षा झाली ती क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात, 1905-06 साली. डॉ. विल्यम फ्लेचर यांनी निम्म्या रुग्णांना सयामचा पांढरा तांदूळ दिला आणि निम्म्यांना भारतातून आलेला उकडा. पांढरा खाणाऱ्यांत बेरीबेरी पसरली, उकडा खाणाऱ्यांत एकही नवा रोगी निघाला नाही. दोष जागेचा असेल म्हणून त्यांनी दोन्ही गटांच्या इमारतींची अदलाबदल केली, तरी निकाल तोच. कारण सोपे आहे. भात टरफलासकट उकडताना सालीतले जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते, मग कांडताना ते सगळे कोंड्याबरोबर जात नाही. 

पेजेच्या निवळीलाही असाच पुरावा पुढे मिळाला. 1980च्या दशकात ढाक्यातल्या अतिसार संशोधन केंद्रात कॉलऱ्याच्या रुग्णांना साखरेऐवजी तांदळाचे पीठ घातलेले मीठपाणी देऊन पाहिले. त्यांचे जुलाब कमी झाले.

तोवर किनाऱ्यावर चित्र पालटले होते. रत्नागिरी जिल्ह्यातली, म्हणजे 1981च्या विभाजनाआधीच्या या सगळ्या मुलखातली, तरणी पोरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. गावात भाताच्या गिरण्या आल्या, व्हायन बुजले, बायकांच्या हातांचे घट्टे गेले. ते जाणे योग्यच होते, कांडपाचे कष्ट कुणालाही परत नकोत. पण त्याबरोबर तांदळाची सालही गेली, आणि चाकरमान्याच्या घरी पांढरा भात प्रतिष्ठेचा, तर पेज गरिबीची ठरली. ही वाटणी अन्यायाची आहे. पेज गरिबांची होती हे खरे, पण ती निकृष्ट कधीच नव्हती.

सिंधुदुर्गातल्या आठवडी बाजारांत उकडा तांदूळ आजही मिळतो. घरचे भात असेल, तर गिरणीवर देताना पॉलिश न करण्यास सांगावे. आणि रविवारची सागोती उरली, तर ती गार होताच फ्रिजमध्ये ठेवावी, सोमवारी चांगली उकळी येईपर्यंत कढवावी आणि पेजेसोबत जेवावी.