वासरू-खरेदीतील आनुवंशिक मूल्यांक (आयर्लंड)

मांसासाठी वाढवायचे वासरू विकत घेताना, आईबापांकडून त्याला मिळालेल्या गुणांचा पैशांत मांडलेला अंदाज. आयर्लंडमध्ये त्याला ‘कमर्शियल बीफ व्हॅल्यू’, थोडक्यात सीबीव्ही म्हणतात. तो युरोमध्ये सांगितला जातो आणि पैदाशीसाठी न ठेवता कत्तलखान्यात जाणाऱ्या जनावरांसाठीच काढला जातो. ‘आयरिश कॅटल ब्रीडिंग फेडरेशन’ (आयसीबीएफ) ही संस्था तो काढते.

युरोपीय संघातील दुधाचा कोटा ३१ मार्च २०१५ रोजी संपला. त्यानंतर आयर्लंडमधील दुभत्या गाई झपाट्याने वाढल्या आणि नुसत्या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गाई घटत गेल्या. मांसाच्या धंद्याला लागणारी वासरे त्यामुळे अधिकाधिक प्रमाणात गोठ्यातल्या दुभत्या गाईंची येऊ लागली. तिथले दूध कुरणातल्या गवतावर चालते. म्हणून गाई मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वितात आणि नको असलेली वासरे दोन-चार आठवड्यांची असतानाच ‘मार्ट’मध्ये, म्हणजे जनावरांच्या लिलावबाजारात, येतात. या वयाच्या वासरात दोन वर्षांनंतरचा बैल दिसत नाही. गिऱ्हाईक रंग, हाड आणि पुठ्ठा पाहून बोली लावते. त्यातला रंग तर सर्वांत फसवा. अँगस या मांसाच्या जातीच्या वळूचे वासरू दुभत्या फ्रिजियन गाईच्या पोटीही बहुधा काळेच होते, मग तो वळू भरदार संततीचा असो की किरकोळ. त्यातच अँगस आणि हेरफर्ड जातीच्या संकरांना मांस कारखाने जादा भाव देत असल्याने रंगालाच किंमत आली. त्यामागचा वळू कोणता, हे विचारायचे राहून गेले.

या व्यवहारातली खरी अडचण मात्र गिऱ्हाइकाच्या नजरेत नसून विक्रेत्याच्या हिशेबात आहे. दूधवाल्याला गाय सुखरूप व्यावी, गाभणकाळ लांबू नये आणि ती लवकर पुन्हा गाभण राहावी, एवढेच हवे असते. वासरू तीन आठवड्यांत हातावेगळे होणार. त्याचे धड किती किलो भरेल ही चिंता दुसऱ्याची. सोप्या विण्यासाठी निवडलेल्या वळूंची वासरे लहान असतात आणि पुष्कळदा पुढेही हलकीच राहतात. हे दोन्ही गुण एकाच तराजूत तोलणारा ‘डेअरी बीफ इंडेक्स’ २०१९ मध्ये आला. रेतनासाठी वळू निवडताना दूधवाल्याने तो पाहावा, अशी अपेक्षा होती. पण चांगल्या वळूच्या वासराला बाजारात चार पैसे जास्त मिळत नसतील, तर त्याने तो का पाहावा? सीबीव्हीची गरज इथे निर्माण झाली. वळूची माहिती लिलावाच्या फलकापर्यंत आली, तरच ती भावात उतरू शकते.

मूल्यांकात मुळात पाच गुण धरले आहेत: धडाचे वजन, धडाची ठेवण, चरबी, खाद्याचा खप आणि स्वभावाचा शांतपणा. वळूच्या निर्देशांकात तो संततीला काय देईल हे पाहतात. इथे प्रश्न हे जनावर स्वतः काय होईल, एवढाच. अंदाजाचा पाया नातेवाइकांच्या नोंदींचा आहे. आयरिश कारखान्यांत २००४ पासून धडांची प्रतवारी यंत्राने होते. ठेवणीला ई, यू, आर, ओ, पी अशा श्रेणी असतात आणि चरबीला १ ते ५. ही माहिती जनावराच्या बिल्ला-क्रमांकासह नोंदली जाते. किल्डेअर परगण्यातील टुली येथील केंद्रात एकेका जनावराने किती खाल्ले हे मोजले जाते. स्वभावाचे गुण मात्र शेतकरीच देतो.

सगळा डोलारा बापाच्या नावावर उभा आहे, आणि ते नाव चुकू शकते. कृत्रिम रेतनानंतर उरलेल्या गाईंसाठी कळपात वळू सोडतात. दोन वळू असतील तर नोंदवहीतला बाप आणि खरा बाप एकच असेल, याची खात्री नसते. जनुकीय चाचणीने ही शंका मिटते आणि अंदाजाची विश्वासार्हताही वाढते. वासराच्या कानाला बिल्ला मारतानाच पेशींचा नमुना घेतला जातो. ‘बोव्हाइन व्हायरल डायरिया’च्या तपासणीसाठी २०१३ पासून असा बिल्ला सक्तीचा असल्याने शेतकऱ्यांना तो नवा नव्हता. २०२३ मध्ये सरकारी साहाय्याने राष्ट्रीय जनुकीय चाचणी कार्यक्रम सुरू झाला.

आकडा वाचताना जनावरांचे तीन गट वेगळे ठेवावे लागतात: मांसाच्या गाईंची वासरे, दुभत्या गाई व मांसाच्या वळूंचा संकर, आणि दोन्हीकडून दुभत्या जातीची वासरे. मूल्यांकावरून मिळणारे तारेही गटानुसारच दिले जातात. पाच तारे म्हणजे त्या गटातील वरचे वीस टक्के. दुभत्या जातीच्या पंचतारांकित गोऱ्ह्याची तुलना शारोले या मांसाच्या जातीच्या संकराशी करण्यात अर्थ नाही. समजा, एकाच गटातील दोन वासरांचे मूल्यांक १२० आणि ४० युरो आहेत. सारखे संगोपन मिळाल्यास पहिल्यापासून सरासरीने ८० युरो जास्त नफा अपेक्षित असतो. ‘सरासरीने’ हा शब्द विसरता कामा नये, कारण एखाददुसऱ्या वासराच्या बाबतीत अंदाज साफ चुकू शकतो. बोलीही पूर्ण ८० युरोंनी वाढवली, तर सारा फायदा विक्रेत्याच्या खिशात जातो आणि दोन वर्षांचा धोका तेवढा घेणाऱ्याकडे राहतो. शिवाय वासराला वेळेवर चीक मिळाला का, त्याला हगवण लागली आहे का, छाती साफ आहे का, हे मूल्यांक सांगत नाही. त्यासाठी नाळ, डोळे आणि शेपटीखालची बाजू पाहण्याला पर्याय नाही.

भारतात अशा मूल्यांकाला बाजार नाही. महाराष्ट्रात तर २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर गाईबरोबरच वळू आणि बैल यांच्याही कत्तलीस बंदी आहे. म्हशी तीतून वगळलेल्या आहेत. मात्र जनुकीय निवडीचे मूळ तंत्र इथेही आले असून त्याचा भर दुधावर आहे. गाईंसाठीची ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठीची ‘महिष चिप’ यांचे अनावरण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे झाले. चांगले वळू लहान वयातच हेरणे हा त्यांचा उद्देश आहे.