बेने इस्रायलांचे सण आणि त्यांची चूल

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे विद्वानांचे काम. परंतु चुलीपाशीही इतिहास असतो, आणि तो आपण बायकाच जाणतो.

कोकणातील बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते, की पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले व धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे ते तेलाचा घाणा चालवीत व शनिवारी बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली झाले. तोवर सण राखले ते घरांनी. सणांची नावेदेखील मराठी! नववर्ष तो नव्याचा सण, मग खिरीचा सण. आणि यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक पाळावयाचा, तो बिरड्याचा सण.

मांसाबरोबर दूधदुभते वर्ज्य, म्हणून रश्शात नारळाचे दूध. नववर्षाला गव्हाचा चीक, नारळाचे दूध व साखर आटवून हलवा करतात. नवस फेडताना एलियाहू संदेष्ट्याच्या नावे मलिदा: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची व फळे.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले व पुढे पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. अलीकडे आमच्या शेजारच्या आजीही लेकाकडे गेल्या. हलवा शिकविताना त्या म्हणत, “सूनबाई, हात थांबला की गुठळ्या झाल्याच.” आता त्यांच्या दाराला कुलूप आहे. नव्याच्या सणाला मी तोच हलवा करून आळीत वाटते.

प्रत्येकीने घरची एक कृती लेकीसुनेला शिकवावी, एवढीच विनंती.